वीस बाजूंच्या फाशापुढचं गाऱ्हाणं

मित्रांनो, सोंगट्यांच्या पटावरचा चौकोनी फासा तुम्ही पाहिला असेल. मीही फासाच आहे, जरासा जुना, पण मला वीस बाजू आहेत. मोजून बघा हवं तर. मोजताना सगळेच चुकतात, म्हणून लीलाने एका बाजूवर नखाने खूण केली आहे.

परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझे आकडे नुसतेच कोरलेले होते, रंग नव्हता. रंगासाठी खोक्यात मेणाचा खडू दिला होता. बोटीवर काम करणारे भिकाजीमामा ते खोकं जामसंड्याला घेऊन आले आणि नववीतल्या लीलाने माझ्या अंगावर खडू घासघासून आकडे पांढरे केले. तिची बोटं आठवडाभर मेणकट होती!

खोक्यातलं पुस्तक इंग्रजी होतं. लीला शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. खेळ मोठा मजेचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक वीर व्हायचं. वीर उडी मारणार, लढणार, म्हणजे मला टाकायचं. आकडा मोठा आला की जमलं. लीला गोष्ट सांगे. पुस्तकातल्या गुहेचं तिने किल्ल्यातलं भुयार केलं आणि खाडीकडच्या टोकाशी खजिना ठेवला. तिचा भाऊ मधू दिवाळीपासून खेळत होता. त्याचा वीर बळ वाढत वाढत पाचव्या पायरीवर पोचला होता.

मे महिन्यात मामेबहीण शेवंती नांदगावहून आली. तिचा वीर अर्थातच पहिल्या पायरीवर. भुयारात शिरली, मला टाकलं, मी पडलो एकवर. घूस चावली आणि वीर खलास. पुस्तकाचा नियमच तसा, नवख्याला प्राण अगदी थोडे.

"घुशीन खाल्ल्यान तुझ्या वीराक?" मधू हसून लोळला. "लीलाताय, हिका कच्चो लिंबू कर. मराक नको, रडाक नको."

शेवंतीने मला पटावर ठेवलं. "कच्चो लिंबू माका नको. मेलंय तर मेलंय. उद्याच्या गाडीन घराक जातंय."

मित्रांनो, लीलाचा चेहरा मी जवळून पाहिला, कारण तिने मला पटावरून उचलून मुठीत घेतलं होतं. सुट्टीभर खेळायला तिला शेवंतीच हवी होती. दुपारभर ती पडवीत एकटीच दोन्ही बाजूंनी लढली. नवख्याला दुप्पट प्राण दिले, तर घुशीऐवजी मगरीने गिळलं. मगरीचे दात काढले, तर येताजाता मधू म्हणाला, "मगे ती मगर कसली, पाल ती." मला मात्र भारी उत्सुकता लागली होती. लहानाला वाचवायचं, पण खोटं खोटं नाही. हे जमायचं कसं?

संध्याकाळी अंगणात आंब्याच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या. शेजारच्या दाजींनी देवाला गाऱ्हाणं घालायला नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, ह्यो आंबो मुंबैक चललो आसा. वाटेत काय वाकडा-नाकडा घडात तर ता सरळ कर, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. सकाळी बांधावरून दाजींशी भांडलेले लीलाचे बाबासुद्धा.

लीलाची मूठ आवळली. माझे कोपरे तिला टोचले असणार.

रात्री जेवण्याआधीच तिने पट मांडला. "शेवंते, बस. तुझो वीर घुशीच्या आधी होतो थंय परत उभो कर. आणि नवो नियम ऐका. पयल्या पायरीवरचो वीर मराक टेकलो की त्येणा एकदा गाऱ्हाणा घालूचा. सगळे होय म्हणाले, तर फासो परत टाकूचो."

"आणि मी गप रवलंय तर?" मधूने विचारलं.

"तर ती मेली."

घूस मेली, पण भुयाराच्या खाडीकडच्या तोंडाशी मगर आली. शेवंतीने मला टाकलं. दोन! मगरीने तिच्या वीराचा पाय धरला. खजिना पलीकडेच होता आणि शेवंती मेली तर तो सगळा मधूचा.

शेवंतीने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माका सोडव. पलीकडे पोचलंय तर मधूक वर ओढूची दोरी मी धरतलंय. सोडूचंय नाय."

"होय म्हाराजा," लीला म्हणाली.

मधू माझ्याकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "होय म्हाराजा."

"आयकाक येवक नाय," शेवंती म्हणाली.

"होय म्हाराजा, गो! टाक आता."

मी गडगडत गेलो, पटाच्या कडेला थांबलो. बारा. जेमतेम सुटली. दुसऱ्या दिवशीची गाडी शेवंतीला न घेताच गेली.

आता लीला दहावीत आहे आणि मी बटणांच्या डब्यात. माझे कोपरे झिजलेत, आकड्यांतलं मेण उडालंय. थोडा खडू लावा, मी अजून छान गडगडतो. आणि तुमच्यात कोणी नवखं खेळायला आलं, तर मला आधी त्याच्या हातात द्या. फासा पडल्यावर होय कोणीही म्हणतं, मित्रांनो. मधू मात्र मी परत पडायच्या आधीच म्हणाला होता.