कळलं तिथपर्यंत

सुषमाने फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, खडू खाली ठेवला आणि हात ओढणीला पुसत तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. योगिता पुस्तकात मान घालून बसली होती.

"माझ्या मागून वाचा," सुषमा म्हणाली.

सातवीचा वर्ग सतरंजीवर पुढेमागे डुलत वाचू लागला. चौथ्या वाक्यात तो शब्द आला. इस्लंड म्हणायचं की आयलंड, हे सुषमाला काल संध्याकाळपासून आठवत नव्हतं. मोबाईलवर बघावं तर आश्रमशाळेत रेंज नव्हती. तिने ते वाक्य सोडलं आणि सरळ पुढचं वाचलं. पोरं तिच्या मागून तसंच पुढे गेली. योगिताची मान मात्र आणखी खाली गेली.

ही हसू लपवतेय, असं सुषमाला वाटलं, आणि उरलेला तास तिने त्या ओळीकडे पाठ ठेवून घेतला.

योगिता जूनमध्ये आली होती. दुसरीत असताना सरकारी योजनेतून तिची निवड झाली आणि नाशिककडच्या एका इंग्रजी निवासी शाळेत तिला नेलं. चार वर्षांनी ती शाळा यादीतून निघाली, तिथली मुलं आपापल्या तालुक्यात परत आली. योगिता तलासरीच्या डोंगराकडच्या या आश्रमशाळेत दाखल झाली, तेव्हा मुख्याध्यापक मुकेश सरांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावून इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला लावलं होतं. न अडखळता, चढउतारासकट तिने ते वाचलं. सगळी शाळा गप्प झाली. सुषमाने हातातलं इंग्रजीचं पुस्तक ओढणीआड धरलं.

सुषमाचं बी.ए. मराठीतलं. तिची नेमणूकही मराठीसाठीच होती, तीही तासांच्या मानधनावर, वर्षावर्षाने वाढणारी. इंग्रजीचे सर बदली करून घेऊन गेले, तेव्हा मुकेश सर म्हणाले होते, "नवीन माणूस येईपर्यंत तुम्ही घ्या." त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने गाईड आणलं, उत्तरं फळ्यावर लिहिली, पोरांनी ती उतरवून पाठ केली, आणि निकाल बरे लागले. निकाल बरे लागले म्हणून विषय तिच्याकडेच राहिला.

डिसेंबरात मुकेश सरांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"सव्वीस जानेवारीला डहाणूहून आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे साहेब येणार आहेत. योगिताचं इंग्रजीत भाषण ठेवू. आपला सेमी-इंग्रजीचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर आहे."

"बरं, सर."

"पोरगी छाप पाडेल. मोठ्या शाळांची नवीन यादी येतेय, तिचंही नाव जाईल. आणि सेमी झालं की जूनमध्ये तुमचंही पक्कं बघता येईल." त्यांनी चष्मा काढला. "भाषण लिहून घ्या तिच्याकडून. नाहीतर तुम्हीच लिहून द्या."

सुषमाने योगिताला निरोप दिला. योगिता म्हणाली, "बाई, तुम्हीच लिहा ना." सुषमा म्हणाली, "तुझं तू लिहिलेलं बरं दिसेल." दोघी एकमेकींकडे न बघता व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आठवडा गेला तरी कागद कोराच. शेवटी मुकेश सरांनीच डहाणू स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून दोन पानी भाषण काढून आणलं.

तेवढ्यात संक्रांतीची सुट्टी आली. पोरं घरी गेली आणि ठरल्या दिवशी परतली. योगिता आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुकेश सरांनी सुषमाला पाठवलं.

पाडा टेकडीच्या पलीकडे होता. सुषमा पोचली तेव्हा योगिताचे वडील लक्ष्या ओट्यावर बसले होते. ते डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला होते, सणासाठी आले होते. बाईंना बघून ते लगबगीने उठले, खाट टाकली.

"आज आणूनच सोडणार होतो, बाई. उद्या परवा करत होती. पोट दुखतं म्हणते." मग आवाज उंचावून, शेजारच्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाषण करणार ना साहेबासमोर? वाडीत शेठाणीला सांगितलं मी. इंग्रजी आलं का माणसाला झाडावर चढायला नाही लागत."

योगिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची आई भिकी चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापत होती. तिने बाईंकडे एकदा पाहिलं आणि चहाचं पाणी ठेवलं.

लक्ष्यांनी आतून एक लहान बाटली आणली. "शेठाणीने दिली. आपल्या म्हातारीच्या गुडघ्यांसाठी. काय लिहिलंय ते वाच गो."

योगिताने बाटली घेतली. बारीक इंग्रजी अक्षरं तिने मोठ्याने, सुरेख वाचली. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन ऐकत उभी राहिली. तिचं वाचून झालं तरी सगळे थांबले होते.

"म्हणजे?" लक्ष्यांनी विचारलं.

योगिताने बाटली फिरवली. "एक झाकण," ती म्हणाली. "दोन वेळा. जेवल्यावर."

"बघा," लक्ष्या कुंपणाकडे बघून म्हणाले. त्यांनी झाकण उघडलं, त्यातच औषध ओतलं आणि ओट्यावर पाय पसरून बसलेल्या म्हातारीपुढे धरलं.

वास सुषमापर्यंत आला. तिची आई कंबरेला चोळायची त्या मलमाचा वास.

"जरा बघू," ती म्हणाली, आणि बाटली हातात घेतली. 'फॉर' कळलं, 'यूज' कळलं, 'ओन्ली' कळलं. मधला मोठा शब्द तिला कळेना. कदाचित 'सांध्यांसाठी' असेल. कदाचित पोरगीच बरोबर असेल, चार वर्षं इंग्रजी शाळेत काढलेली. चुकलं तर या सगळ्यांसमोर, आणि उद्या शाळेत, काय होईल ते तिला दिसलं. म्हातारीने झाकण हातात घेतलं होतं.

सुषमाने योगिताकडे पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हातारीच्या हाताकडे बघत होती. तो चेहरा सुषमाच्या ओळखीचा होता. मुकेश सर अचानक वर्गात येऊन मागे बसायचे, तेव्हा तिचा चेहरा असाच होत असणार.

"थांबा, आजी." तिने म्हातारीच्या हातातून झाकण घेतलं. "अक्षरं फार बारीक आहेत, पोरीला नीट दिसली नसतील. मलाही दिसत नाहीत. उपकेंद्रात सिस्टरना दाखवून आणतो आम्ही दोघी. तोवर देऊ नका."

लक्ष्या काही बोलणार होते. चुलीपाशी बसलेल्या भिकीने "जाऊ दे त्यांना" एवढंच म्हटलं, आणि ते बसले.

उपकेंद्राची वाट ओढ्यातून जात होती. ओढा आटला होता. दोघी गोट्यांवरून पाय सांभाळत चालल्या.

"तुला वाचता येत नाही का गं?" सुषमाने विचारलं.

"वाचता येतं." पुढच्या गोट्यावर पाय ठेवून ती म्हणाली, "कळत नाही."

"चार वर्षं होतीस ना तिथे?"

"तिथे आपलं बोललं का जेवायच्या रांगेत सगळ्यात मागे उभं करायचे. इंग्रजीच बोलायचं."

"मग तुम्ही काय बोलायचात?"

"काही नाही," योगिता म्हणाली. "मॅडम वाचायची, तसं आम्ही वाचायचो. फळ्यावरचं उतरवायचो. मॅडमला पण विचारलेलं आवडायचं नाही."

सुषमा थांबली. पोरगीही थांबली, आणि आता ओरडा बसणार अशी मान खाली घातली.

"वर्गात अशीच खाली बघतेस. मला वाटायचं, माझं चुकतं म्हणून हसतेस."

"तुम्ही सारख्या माझ्याकडे बघता. मला वाटायचं, मलाच अर्थ विचारणार."

सुषमा एका मोठ्या दगडावर बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच ठरवता येईना. "मला तर ते आयलंड की इस्लंड तेही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी ते वाक्यच सोडलं."

"आयलंड," योगिता म्हणाली. मग हळूच विचारलं, "म्हणजे काय असतं?"

"बेट."

सिस्टरने बाटली बघताच कपाळाला हात लावला. चोळायचं औषध होतं. पोटात गेलं असतं तर म्हातारीला कासा गावच्या दवाखान्यात पळवावं लागलं असतं, असं ती म्हणाली. योगिता बाकाची कड घट्ट धरून उभी राहिली. परत येताना ती एकच वाक्य बोलली.

"भाषण चांगलं झालं तर मला परत पाठवतील ना, बाई?"

सुषमाने बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. योगिताच्या घरी पोचल्यावर तिने लक्ष्यांना सांगितलं, हे चोळायचं आहे, बाटलीवर नीट छापलेलंच नव्हतं. लक्ष्यांनी ते मानलं. भिकीने मानलं की नाही, ते कळलं नाही.

सुषमा डहाणूला जाऊन इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन आली. शाळा सुटल्यावर, पोरं मैदानावर असताना दोघी व्हरांड्यात ते दोन पानी भाषण घेऊन बसू लागल्या. योगिताला ते केव्हाच पाठ झालं होतं. आता त्या एकेक शब्द शोधत होत्या. काही वाक्यं शब्द कळूनही कळत नसत. मग सुषमा ते व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहून पुढचा मागचा शब्द बदलून बघायची. कधी त्या अर्धा तास एकाच ओळीवर असायच्या. एकदा शब्दकोशात 'सार्वभौम' निघालं.

"हे पण नाही कळलं," योगिता म्हणाली.

"ज्याच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता चालत नाही, असा."

"म्हणजे ज्याला कोणी कुठे पाठवू शकत नाही?"

"तसंच," सुषमा म्हणाली.

पंचवीस तारखेला पहिलं पान कसंबसं संपलं. सुषमाने शब्दकोश मिटला. "बाकीचं पाठ आहे ना? म्हणून टाक. इतक्यात नाही व्हायचं सगळं." हे बोलताना तिने योगिताकडे पाहिलं नाही. जूनचा विचार तिच्या डोक्यात होता.

सव्वीसला शनिवार होता. झेंडावंदन झालं, लेझीम झालं. साहेब खुर्चीत बसले होते, त्यांच्यामागे पालक उभे होते. लक्ष्यांनी पांढरा सदरा घातला होता. भिकी बायकांमध्ये सगळ्यात मागे होती. सुषमा भाषणाचे कागद हातात घेऊन स्टेजच्या कडेला उभी राहिली, पोरगी अडली तर सांगायला.

योगिताने सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता. मुकेश सरांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. पण ती शाळेच्या पहिल्या दिवशीसारखी बोलत नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर ती जराशी थांबत होती, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तशी. सुषमा कागदावरून बोट फिरवत होती. पहिलं पान संपलं. तिने दुसरं वर घेतलं.

योगिता थांबली.

पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना ढोसू लागली. मुकेश सर खुर्चीतून अर्धवट उठून कुजबुजले, "मॅडम, सांगा तिला पुढचं."

योगिताने सुषमाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची काहीही खूण नव्हती. ती विसरलेली नव्हती.

पहिला शब्द सुषमाच्या ओठांवर होता. तिने नुसता तो उच्चारला असता, तरी पोरीला पुढचं म्हणावं लागलं असतं. मुकेश सर पुन्हा म्हणाले, "मॅडम." सुषमाने कागद दुमडला आणि हात खाली घेतला.

"थँक यू," योगिता म्हणाली, आणि पायऱ्या उतरून खाली आली.

टाळ्या पडल्या, पण थोड्याच. साहेब मुकेश सरांना म्हणाले, "चांगलंय, पण तयारी कमी पडली," आणि घड्याळाकडे पाहिलं. मोठ्या शाळेचं कोणी काही बोललं नाही. सेमीचं पुढच्या वर्षी बघू म्हणून ते गाडीत बसले. लक्ष्या कोणाशी न बोलता फाटकाकडे चालत गेले.

मुकेश सर व्हरांड्यात सुषमाजवळ आले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. "तुमच्या हातात कागद होता," ते म्हणाले.

"हो, सर."

"मार्चपर्यंत आहात तुम्ही. पुढचं माझ्या हातात नाही."

ते गेल्यावर ती खुर्च्या गोळा करू लागली. कडुनिंबाखाली भिकी आणि योगिता उभ्या होत्या. भिकीने लेकीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली होती.

"काय काय बोललीस गो?" तिने विचारलं.

योगिता सांगू लागली. एकेक वाक्य, त्यांच्या बोलीत, सावकाश. भिकीचे हात रिबिनीवर थांबले. एकदा ती म्हणाली, "खरंच असं लिहिलंय?" आणि योगिताने मान डोलावली. सुषमा खुर्च्या धरून जागच्या जागी ऐकत राहिली.

"आणि पुढे?" भिकीने विचारलं.

"पुढचं अजून झालं नाही." योगिताने वळून पाहिलं. "सोमवारी घेऊ ना, बाई?"

"घेऊ," सुषमा म्हणाली.

तिने खुर्च्या उचलल्या आणि खोलीकडे निघाली. दुसरं पान पहिल्यापेक्षा अवघड दिसत होतं. तरी मार्चपर्यंत ते होईल, असं तिला वाटलं.