समुद्राकडची भिंत

रंगाऱ्याने शिडीवरून शेवटचा हात मारला आणि बंगलीची समुद्राकडची भिंत तीस वर्षांनी पुन्हा पांढरी झाली. मास्तर खाली वाळूत मान वर करून उभे होते. छातीवरचं ओझं उतरेल असं त्यांना वाटलं होतं. जरासं उतरलंही.

आठवडाभर ते या सुट्टीच्या बंगलीचा इतिहास लिहीत होते. पाहुण्यांना वाचायला तो दिवाणखान्यात लावायचा होता. आजीला समुद्राची हवा मानवेल असं डॉक्टर म्हणाले म्हणून आजोबांनी ती बांधली, आणि आजीने जन्मभर समुद्राकडे पाठ करूनच विणकाम केलं, इथपर्यंत लेखणी झरझर चालली. भिंत निळी केली त्या वर्षापाशी मात्र घोडं अडलं, आणि त्यांनी लेखणी ठेवून आधी रंगाऱ्याला बोलावलं.

तेव्हा मास्तर शाळेत नुकतेच चित्रकला शिकवायला लागले होते आणि साऱ्या जगाला रंग शिकवायची घाई झाली होती. पांढरी भिंत त्यांना आजारी वाटे. ती गडद निळी करून, सुट्टी संपवून ते निघून गेले. होडीवाल्यांना ही भिंत कशाला लागते ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. पांढरी भिंत आणि मागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी एका रेषेत आली की होडी आत वळवायची, म्हणजे पाण्याखालचा खडक बाजूला राहतो. एका संध्याकाळी एकाने पांढरी भिंत शोधली आणि त्याला सापडली ती बर्फाच्या कारखान्याची. होडी खडकावर गेली. तो बुडाला. मास्तरांना लहानपणी पोहायला शिकवणारा मित्रच होता तो.

त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. भिंत पुन्हा पांढरी करणं म्हणजे कबुली देणं, म्हणून तेही टाळलं. मित्राची बायको लांबून दिसली की ते तोंड चुकवून दुसऱ्या वाटेने जात.

आज तीच खांद्यावर फाटकं जाळं टाकून, धापा टाकत चढ चढून आली.

"मास्तर, हे कधी केलंत?"

"आत्ताच, वहिनी. तुमच्याकडे यायचंच होतं. तो माझ्यामुळे गेला. निदान भिंत तरी पूर्वीसारखी..."

"कोणामुळे गेला ते मला माहीत आहे. ते राहू द्या. आज विचारलंत कोणाला?"

मास्तरांनी ओल्या भिंतीकडे पाहिलं.

"त्यानंतर सगळ्यांनी निळी भिंत पाठ केली. माझ्या मुलाने पांढरी कधी पाहिलेलीच नाही. कारखाना अजून पांढराच आहे. आता दोन पांढऱ्या भिंतींत त्याने काय ओळखायचं?"

"तो बाहेर गेलाय?" मास्तरांनी विचारलं.

"सगळेच गेलेत. चारच्या भरतीला येतील. फोन तिकडे लागत नाही."

रंगाऱ्याने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. निळा रंग आणायला जाऊन-येऊन दोन तास लागले असते.

"तुमच्या जाळ्यांवर घालता ती ताडपत्री निळीच ना?" मास्तरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता या वयात चक्क पळत सुटले. रंगाऱ्याने आणि त्यांनी मिळून ती ओढत आणली. मास्तर स्वतः शिडीवर चढले, तिचं टोक भिंतीच्या बरोब्बर मधोमध धरलं आणि खिळ्यावर हातोडी उगारली. अशी छान दिसली असती.

हात वरच थांबला. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं.

"वहिनी, कुठे लावू?"

ती वाळू तुडवत पाण्यापर्यंत गेली, वळली, आणि एकदा टेकडीवरच्या टाकीकडे, एकदा भिंतीकडे पाहत राहिली.

"मधे नको. टाकीच्या रेषेत ते भिंतीची डावी कड धरतात. तिकडे सरकवा."

मास्तर खाली उतरले, शिडी सरकवली, पुन्हा चढले.

"अजून," ती म्हणाली.