पडद्याअलीकडची लेक

रविवारी सकाळी पडद्यापलीकडून आईचं हसणं ऐकू आलं, तसं लेकीच्या पोटात दुखायला लागलं. म्हणजे चिमणी आली होती.

घराच्या पुढच्या खोलीत आईचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि धंदा नि घर यांच्यामध्ये एक जाड पडदा. चिमणी हे आईचं गिऱ्हाईक. कॉलेजात शिकणारी, गालांवर मुरमं, हनुवटीवर राठ केस, मानेवर कितीही घासलं तरी न जाणारा काळपट पट्टा. चिमणी हे नाव आईनेच ठेवलेलं. स्वतःच्या लेकीला मात्र तिने कधी लाडाचं नाव ठेवलं नव्हतं.

"आली का गं पाळी?" आईने विचारलं.

"कसली येतेय, काकू! रुसून बसलीय."

"बसू दे. घुम्या पाहुणीसारखी असते ती. बोलावलं तर येत नाही, आली की हलत नाही."

दोघी खिदळल्या. लेकीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. आईने दोरा गळ्यात अडकवला होता आणि तोंड मोकळं ठेवून ती दोन्ही हातांनी चिमणीची हनुवटी साफ करत होती. लेकीला हे सहन होईना. दर रविवारी दुपारी तिचीही हनुवटी आईच करायची, पण तेव्हा दोऱ्याचं टोक आईच्या दातांत असायचं. तोंड बंद. "मान वर कर" हेसुद्धा आई हनुवटीला बोट लावून सांगायची.

लेकीने बादलीभर कपडे वॉशिंग मशीनमध्ये कोंबले आणि मशीन सुरू केलं. जुनं धूड ते, सुरू झालं की घरातलं दुसरं काही ऐकू येत नसे. चिमणी आली की घरात कपडे धुतले जात, मग ते मळलेले असोत वा नसोत.

लेकीला सतराव्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पीसीओएस आहे, हार्मोन बिघडलेत. आई शेजारीच बसली होती. "घरात आणखी कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "कुणालाच नाही." त्यानंतर घरात त्या आजाराचं नाव निघालं नाही. निघालंच तर "तुझं ते" एवढंच. तुझं ते, म्हणून गोड कमी खा. तुझं ते, म्हणून चालायला जा. साऱ्या खानदानात आपणच तेवढ्या बिघडलेल्या, असं मानून ती मोठी झाली.

पुढे ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. तिथे सध्या हाच आजार असलेल्या बायकांवर अभ्यास चालू होता. कुणाचं वजन कमरेभोवती साचलेलं, कुणाचे डोक्यावरचे केस विरळ आणि ओठांवरचे दाट, कुणाला मूल राहत नव्हतं. त्यांच्या रक्तात दाह किती आहे, ते ती मशीनवर मोजायची. एकदा गुपचूप स्वतःचंही रक्त लावून पाहिलं. आकडा थोडा वर होता. ताप यावा इतका नाही, सूज दिसावी इतकाही नाही. राखेखाली निखारा असावा तसा. लॅबमध्ये सगळे "त्या बायका" म्हणत, आणि तीही म्हणे.

चिमणीलाही आईनेच तिथे पाठवलं होतं. तिचा आकडा आपल्यापेक्षा वर आलेला पाहून लेकीला क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, घ्या, आजारातही हीच पुढे.

त्या रविवारी दुपारी आई दोरा घेऊन आली. "बस."

"आज नको."

"अगं, हनुवटी बघ आरशात."

"बघितलीय. तुझ्या चिमणीची कर ना परत. एकदा करून पोट भरलं नसेल तुझं."

आईने दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "चहा टाकू का?" तिने विचारलं.

"मला नको."

सोमवारी एका गिऱ्हाइकाचे केस धुता धुता आई खाली बसली, ती उठलीच नाही.

बऱ्याच दिवसांनी लेक पार्लर आवरायला गेली. क्रीमच्या बाटल्या खोक्यात भरत असताना दारात चिमणी उभी राहिली. हनुवटीवर केस वाढलेले, डोळे सुजलेले.

"दुसरीकडे जायला पाय उचलत नाही, ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

लेक स्वतः अजून रडली नव्हती. लोकाची पोर आपल्या आईसाठी असं ढसाढसा रडते, हे पाहून तिचा जीव आणखीच जळला. "पाणी देऊ?" ती कोरडेपणाने म्हणाली.

"काकूंनी मला धीर दिला नसता तर... त्यांना स्वतःलाही होतं ना हे, म्हणून कळायचं त्यांना."

"काय होतं?"

"हेच. आपलं." चिमणी गोंधळली. "पाळी चार-चार महिने नाही, तोंडावर केस. तुम्ही किती वर्षांनी झालात! सासरची माणसं वांझ म्हणायला लागली होती त्यांना. तेव्हा या आजाराचं नावच माहीत नव्हतं म्हणायच्या. या दोऱ्याच्या कामातही त्या त्यापायीच पडल्या, आधी स्वतःचे केस काढायला शिकल्या. तुम्हाला माहितीय की हे सगळं."

लेकीने हातातली बाटली खाली ठेवली. "मला का माहीत असेल?"

"तुम्हालाच तर सांगत होत्या त्या! लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं उलटं. मी विचारलं एकदा, काकू, मी इथे समोर बसलेय, एवढ्या मोठ्याने का बोलता? तर म्हणाल्या, आत माझी लेक आहे. ती समोर बसली की माझा धीरच होत नाही, तोंडात दोरा धरून बसते मी. वाटतं, माझ्यामुळेच झालं तिला. डॉक्टरांपुढे खोटं बोलले तेही त्यामुळेच. म्हणून तुझ्या नावाने बोलते. पडद्याआडून ऐकेल ती."

लेकीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"मी कपड्यांचं मशीन लावायची," ती म्हणाली.

"काकू म्हणायच्या, कामाची आहे माझी पोर, रविवारीही बसत नाही."

लेकीला हसू आलं. आईने सगळं सांगितलं होतं, रविवारमागून रविवार, घसा ताणून. आणि ते सगळं जाऊन पडलं होतं या मुलीच्या कानांत. राग यावा असं चिमणीने काहीच केलं नव्हतं. तरी निखारा विझेना.

"ताई, रागावलात का?"

"बस खाली," लेक म्हणाली. स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसली. आरशात दोघी शेजारी शेजारी दिसत होत्या, दोघींच्या हनुवट्या वाढलेल्या.

"ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये नाही, आईपुढेही कधी तोंडाने उच्चारलं नाही. मला पीसीओएस आहे, आणि मला तुझा हेवा वाटतो. तू आलीस की मी जळायचे. अजूनही जळतेय. माझी आई माझ्याशी बोलत होती आणि ऐकलंस तू. आता पहिल्यापासून सांग. एक शब्द गाळू नकोस."