मातीच्या गोळ्यांचं जाळं

मित्रांनो, जाळ्याचं अर्धं अंग म्हणजे भोकंच. माझी गोष्टही तशीच. जे अडकलं तेवढं सांगतो.

मी एक जुनं फेकजाळं आहे. चामोर्शीकडच्या एका गावात केवळराम नावाच्या मच्छीमारानं मला नायलॉनच्या दोऱ्यानं विणलं, गाठीमागून गाठ. काठाला शिशाच्या गोळ्या ओवल्या. जाळ्याचा जीव या गोळ्यांत असतो. त्यांच्या वजनानं मी हवेत गोल उघडतो, झपकन तळाला बसतो आणि मासा आत राहतो. फेकताना केवळराम एक गोळी दातांत धरायचा, एक पदर कोपरावर घ्यायचा आणि कमरेतून वळायचा. लोक म्हणायचे, "केवळरामभाऊनं पाण्यावर ताट मांडलं!"

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी हात चुकला नाही.

(भोक. काही वर्षं निसटली.)

फेब्रुवारी महिना. ओसरीत मी खुंटीवर. खाली केवळरामची सून साधना मोबाईल बघत बसलेली. चौदा तारीख जवळ आली होती. मैत्रिणींचे स्टेटस लाल झाले होते: कुणाला घड्याळ, कुणाला केक, कुणाला काचेचा गुलाब. साधना काही मागत नव्हती. नुसती बघायची. तिच्या नवऱ्याला, देवानंदला, तेच सहन होईना. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं.

चामोर्शीत वह्या आणि टिफिन विकणाऱ्या दुकानानं लाल फुगे लावले होते. तिथून आल्यावर देवानंद शेजारच्या पोचूला सांगत होता, "दुकानदार म्हणे, बायकोले नुसता गुलाब? तो तं बकरी बी खाते."

पोचू हसला. "मंग घे ना चॉकलेटचा मोठा डब्बा! एकच तं बायको हाये तुले."

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना देवानंदनं मला खाली काढलं. शिसं भंगारात चांगलं जातं. त्यानं माझ्या गोळ्या सोडवल्या आणि मातीच्या, भाजलेल्या, तव्याची काजळी फासलेल्या गोळ्या ओवल्या. त्याच्या आजीच्या जाळ्याला मातीच्याच गोळ्या होत्या. पण आजीचं जाळं सुती होतं. सूत पाणी पिऊन आपल्या वजनानं बुडतं. नायलॉन पाणी पीत नाही. हे देवानंदच्या लक्षात आलं नाही.

दातांत धरायची गोळी तेवढी त्यानं शिशाचीच ठेवली. बापाची जीभ त्याला माहीत होती.

गावच्या तलावातली मोठी मासेमारी महिनाअखेरीस होती. तोवर मजुरी करून शिसं परत आणू, असा त्याचा विचार. पण पाणी लवकर उतरलं आणि मच्छीमारांच्या सोसायटीनं सगळ्यांना आधीच बोलावलं.

केवळरामनं मला हातात तोललं. "हलकं लागून राह्यलं रे."

देवानंद म्हणाला, "नाई बाबा. तुमची सवय सुटली."

पहिल्या फेकीचा मान केवळरामचा. तो पाण्यात उतरला, वळला, मला सोडलं. मी उघडलो नाही. गोळा होऊन पडलो आणि रेंगाळत खाली गेलो. खालून मासे पळाले. दुसरी फेक. तेच.

"म्हातारा ताट मांडाले गेला अन् चिंधी टाकून आला!" काठावरून कोणीतरी ओरडलं. माणसं हसली.

सोसायटीचे गुणवंतराव हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "केवळरामभाऊ, मासा बिचकते. आता काठावर बसा."

देवानंदनं धावत येऊन मला पोत्यात कोंबलं. केवळराम आपले तळवे डोळ्यांजवळ नेऊन बघत होता.

"खरंच सुटली," तो म्हणाला.

(इथे मोठं भोक आहे. पोत्यात काही दिसत नाही.)

साधनानं मला वाळत घातलं तेव्हा तिच्या बोटांना काजळी लागली. काजळीखाली माती दिसली. घरात मऊ अस्वल, अत्तर आणि चॉकलेटचा मोठा लाल डबा होता. तिनं डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मी मांगतलं होतं का तुमाले?"

"नाई."

"मंग बाबाले सांगा."

"सांगतो."

मजुरी करून त्यानं शिसं आणलं. गोळ्या ओवल्या. आज मी पुन्हा पूर्ण आहे, पण केवळराम मला हात लावत नाही. त्याच्या जागी सोसायटीनं दुसरा माणूस घेतला. सकाळी केवळराम अंगणात उभा राहतो. रिकामा हात कोपरात वाकवतो, कमरेतून वळतो, सोडतो. मग बोटांकडे बघत बसतो. आज देवानंद त्याच्याजवळ गेला.

"बाबा..."

"काय रे?"

देवानंदनं माझ्याकडे पाहिलं.

"चहा घेता का?"

"आण."

मित्रांनो, आवडत्या माणसाला काही द्यावंसं वाटणं चांगलंच. पण ते घरातल्या कोणाच्या हातातून काढून आणलंय, हे आधी बघा. आणि आणलंच असेल, तर ती वस्तू परत ठेवून भागत नाही. खरं सांगावं लागतं, तो माणूस ऐकायला आहे तोवर. मी सांगितलं असतं. पण मला तोंड नाही.

देवानंदला आहे.