तठे पानी मांगनं पडी का?

मी छागल बोलतेय. आजकालच्या पोरांना छागल म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आधीच सांगते. मी म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वर लाकडी बूच, खांद्याला अडकवायला दोरी. माझ्या अंगातून पाणी सतत थोडं थोडं पाझरतं, त्याला वारा लागला की आतलं गार होतं. वीज नाही, बर्फ नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचा झोत चालू असताना माझ्या पोटात हिवाळा असतो. स्वतःचं कौतुक करू नये, पण हे कसं होतं ते मलाही नीटसं उमगलेलं नाही.

माझा जन्म धुळ्याचा. ताडपत्र्या शिवणाऱ्या जीवराम कारागिराने मला एका दुपारी दोन पदरी दोऱ्याने शिवलं, तीन दिवस पाण्यात भिजत ठेवलं आणि साक्रीच्या आठवडे बाजारात टांगलं. तिथे चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मजूर आला. त्याने ना रंग पाहिला ना शिवण. "कितलं पानी मावस?" एवढंच विचारलं. त्याचं नाव आधार. पुढची पंचेचाळीस वर्षं मी त्यांच्याच खांद्यावर होते. आता सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते.

बाजारातून घरी जाताना वाटेत ते माझ्याशी बोलले होते. माणसं एकटी असली की वस्तूंशी बोलतात, आणि वस्तू विसरत नाहीत. आदल्याच आठवड्यात ते पिंपळनेरकडे एका शेतात बाजरी काढायला गेले होते. तेव्हा दलित वस्तीतल्या माणसाने विहिरीला हात लावायचा नसे, पाणी मागायचं असे. आबांनी एकदा मागितलं, दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितल्यावर मालकाच्या घरातली बाई बाहेर आली आणि ओट्यावरून, उंचावरून पाणी सोडलं. निम्मं ओंजळीत आलं, निम्मं मातीत गेलं. मग तिने तो ओटाही धुऊन काढला. ओटा धुवायला मात्र पाणी भरपूर होतं.

"आते कोन्हाजोडे पानी मांगनं नही," आबा मला म्हणाले होते. एवढंच.

आणि मागितलं नाही. लग्नात नाही, मयतीत नाही, एसटीत नाही, दवाखान्यात नाही. रस्त्याच्या कामावर मी बाभळीला टांगलेली असायचे आणि ज्याला तहान लागेल तो येऊन बूच काढायचा. कोण, कुठला, असं आबांनी कधी विचारलं नाही. द्यायला हात सैल, मागायला जीभ बंद, असा हा माणूस. द्रौपदाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला हसून म्हणायची, "हाई मन्ही सवत शे. मन्हापेक्षा हिलेच जास्ती जपतस." पण माझा तळ फाटला तेव्हा सुईदोरा घेऊन बसली तीच. तिला सगळं ठाऊक होतं. ती गेल्यावर ते ठाऊक असणारी मी एकटीच उरले. घरातल्या पोराबाळांना वाटे, म्हाताऱ्याची सवय आहे झालं.

आबांचा नातू प्रशील धुळ्याला डिप्लोमा शिकला आणि जहाजावर नोकरीला लागला. माल वाहणारं जहाज नव्हे, माणसांना फिरवायला नेणारं. आठ महिने तो घरी आला नव्हता. एक दिवस त्याचा फोन आला. जहाज मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणार होतं आणि कामगारांच्या घरच्यांना सवलतीत नेणार होते. "आबा, यावं लागेल. मी काय काम करतो ते एकदा बघा," तो म्हणाला. आबांनी चारचौघांत सात वेळा तरी सांगितलं की आपल्याला काही हौस नाही, आणि त्याच दिवशी धोतर इस्त्रीला दिलं.

घोळ झाला तो नियमांचा. प्रशीलची धाकटी बहीण समीक्षा मोबाइलवरून वाचू लागली. प्रवाशांनी बाहेरून कोणतंही पेय आणू नये. दारू, बिअर, सरबत, ताक, पाणी, काहीही नाही. डॉक्टरांचं पत्र असेल तरच विचार केला जाईल. आणलंच तर दारावर काढून घेतलं जाईल.

"ती दारूनी गोठ शे," आबा ठामपणे म्हणाले. "मी कोठे दारू पेस?"

"आबा, पाणीसुद्धा लिहिलंय."

"पानी बरोबर ल्हेलं शे. लोके पानी म्हनीसन दारू लयतस, म्हनीसन ल्हेलं शे. आपलं खरं पानी शे."

ओट्यावर जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे पाण्याला कुणी अडवू शकतं, आणि तेही आपल्याच पाण्याला, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. उन्हात निघालेल्या माणसाने पाणी घेऊन निघू नये, असा नियम कोण शहाणा करेल? समीक्षाने हळूच सुचवलं, "डॉक्टरांचं पत्र घेऊ या का?" आबा भडकले. "माले कोनता आजार शे?" पत्र राहिलं. मला रात्रभर भिजवून काठोकाठ भरलं आणि आम्ही धुळ्याची एसटी धरली.

मुंबईच्या बंदरावर मी जे पाहिलं ते सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत, तरी सांगते. आधी मला वाटलं समोर इमारत आहे. पांढरीशुभ्र, पंधरा मजली. मग ती इमारत किंचित हलली. आबांनी माझी दोरी घट्ट धरली. आणि तिच्या पलीकडे पाणी होतं. माझा सारा जन्म पाणी तांब्याने मोजण्यात गेलाय. आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने भरलेलं पाणी मी पोटात घेतलंय. आणि इथे पाणी आभाळाला जाऊन टेकलेलं, त्याच्यावर ना कुणाचा पहारा, ना कुठे रांग. आबा किती तरी वेळ तसेच उभे होते. "कितलं रे बाप," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मला तर माझ्या पोटातल्या पाच लिटरची लाज वाटली.

दारावर तपासणी होती. सामान सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं, ते एका पेटीतून जायचं. मला ठेवलं आणि पट्टा ओला झाला. एकच गडबड उडाली. "काय गळतंय? कुणाचं आहे हे?" तिथल्या अधिकारी बाई आल्या. छातीवर नाव होतं, हेमांगी. त्यांनी माझं बूच काढून वास घेतला. पुन्हा घेतला.

"आजोबा, हे नुसतं पाणी आहे?"

"खरं पानी शे. साक्रीनं."

बाई हसल्या. स्वभावाने चांगल्या होत्या, पण नियमाला पक्क्या. "गेल्याच खेपेला एकाने गंगाजळ म्हणून जिन आणली होती. आज तुम्हाला सोडलं तर उद्या मी कुणाकुणाला अडवू? पिशवी रिकामी करा आणि खुशाल आत न्या. आत पाणी मिळेल, पाहिजे तेवढं."

आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "मिळी म्हंजे? तठे पानी मांगनं पडी का?"

"हो, सांगायचं, लगेच देतात."

आबांनी मला उचललं, खांद्याला लावलं आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसले. "समीक्षा, तू जाय. मी आठेच बसस. तुमी फिरीसन या."

आता माझा जीव कासावीस झाला. तीन वाजता दार बंद होणार होतं आणि घड्याळात अडीच वाजून गेले होते. समीक्षा कधी आबांना विनवी, कधी बाईंना. शेवटी तिने प्रशीलला फोन लावला. तो धावत आला. अंगात निळा डगला, हाताला ग्रीस, कपाळावर घाम. "जय भीम, आबा," म्हणाला आणि पायाशीच बसला. आठ महिन्यांनी नातू दिसला म्हणून आबांचे डोळे लकाकले, पण ते जागचे हलले नाहीत.

"आबा, मी इथे नोकरी करतो. माझ्या माणसाला सोडा असं मी म्हणू शकत नाही. पण एवढं काय आहे त्या पिशवीत?"

मग पंचेचाळीस वर्षांनी आबा बोलले. ती बाजरी, तो ओटा, ते वरून सोडलेलं पाणी. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. "मी तीन येळा मांगं. तवयपासून मांगाले जीभ उठस नही, भाऊ. मी काय करू?"

समीक्षा तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. हेमांगीबाई दोन पावलं मागे सरकल्या. प्रशील आबांच्या आणखी जवळ सरकला. मग तो शहरी बोली विसरला आणि घरच्या बोलीत म्हणाला, "आबा, हाई तुमले आतमां जाईसन सांगानं व्हतं. तुमले आठे कसाले बलायं, माहीत शे? आतलं पानी कोन्हं बी नही. ते पानी मी करस."

"तू करस?"

"समुद्रनं पानी लेतस. मोठा जोर लाईसन बारीक पडदामाईन दाबतस. मीठ आथं ऱ्हास, गोड पानी तथं येस. ती मशीन मन्हा ताबामां शे. दिनले चार लाख लिटर."

आबांनी हिशोब टँकरने केला. आमच्याकडे पाण्याचा दुसरा हिशोब नाही. चाळीस टँकर! रोज! तेही खाऱ्या पाण्यातून! त्यांनी समोरच्या अफाट पाण्याकडे पाहिलं, मग नातवाच्या काळ्या हातांकडे. मीही पाहिलं. कापडातून पाणी पाझरतं ते मला ठाऊक होतं, त्यावरच माझा जन्म गेला. पण समुद्र पाझरवून गोड करायचा? आणि तो आमच्या पोराने? माझ्या अंगावर काटा आला असता, पण कॅनव्हासला काटा येत नाही.

"बठ्ठासले तेच पानी?" आबांनी विचारलं. "साहेबलोकेसले बी?"

"बठ्ठासले. कप्तानले बी."

आबा उठले. पण मला मोरीत ओतायला त्यांचा हात होईना. तेव्हा प्रशीलने मला त्यांच्या खांद्यावरून काढून घेतलं, बूच काढलं आणि तोंड लावलं. आठ महिन्यांनी त्याला साक्रीचं पाणी मिळत होतं. तो पीत राहिला, गळ्यावरून, डगल्यावरून ओघळ गेले तरी थांबला नाही. धाप लागली तशी मला समीक्षाकडे दिलं. ती प्यायली. रांगेत ताटकळलेल्या माणसांना आबांनी हाका मारल्या, तीही आली आणि प्यायली. शेवटचे दोन घोट हेमांगीबाईंनी घेतले. नियमात तेही बसत नसावं, पण तो नियम मोबाइलवर नव्हता. मी रिकामी झाले. तीन वाजायला सहा मिनिटं होती.

जेवणाच्या दालनात पाऊल टाकलं आणि आबा पुन्हा थबकले. केवढं ते दालन! काचेपलीकडे समुद्र, मुंबई केव्हाच मागे पडलेली, आणि आत शेकडो माणसं जेवायला बसलेली. प्रत्येकापुढे काचेचा पेला, प्रत्येक पेल्यात पाणी. कुणी पीत होतं, कुणी बोलता बोलता तसंच ठेवत होतं. आबा एकेक पेला बघत चालले होते. मी त्यांच्या खांद्यावर होते. कोरडी, हलकी, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ते बसले. पांढऱ्या कपड्यातला एक वाढपी अदबीने आला आणि पेल्यात पाणी ओतायला वाकला. आबांनी पेल्यावर हात ठेवला.

"थांब, पोऱ्या."

वाढपी गोंधळला. समीक्षा खुर्चीतून अर्धी उठली. एवढं सगळं होऊन म्हातारा पुन्हा अडला की काय?

"नुसतं देऊ नको," आबा म्हणाले. "माले मांगू दे."

त्यांनी हात काढला. ताठ बसले. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग बाजूच्या चार टेबलांवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, "पानी दे. माले तहान लागेल शे."

वाढप्याने पाणी दिलं. आबांनी तो पेला एका दमात संपवला, आणि पुन्हा मागितलं.

तेव्हापासून मी साक्रीत खुंटीला आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांच्या काळात मी टिकले, आणि शेवटी मला कामावरून काढलं ते समुद्राने. भिजत नसल्यामुळे माझं कापड कडक झालंय, तळाचे टाके सुटू लागलेत. फार दिवस काढेन असं वाटत नाही, पण तक्रार नाही. आबा मात्र हल्ली बाजारात गेले की दिसेल त्या दुकानापुढे थांबतात, दिसेल त्या ओट्याशी उभे राहतात आणि पाणी मागतात. घोटभर पितात, बरं वाटलं म्हणतात आणि पुढे जातात. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलंय.

एक दिवस तुमच्याही दारात येतील. तेव्हा एवढंच करा, पाणी द्या. त्यांना तहान नसेल कदाचित. तरीही द्या.