बत्तीची बिडी

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, तरी ग्यानोबाच्या सुरुंग लावायच्या परवान्यावर जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. ते बदलून घ्यायला तो शहाऐंशीच्या फेब्रुवारीत उदगीरहून एसटीने लातूरला गेला. कारकुनाने सांगितलं, नाव बदलून मिळेल, पण आता डॉक्टरचा दाखला लागतो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छाती-पाठ तपासली आणि समोरचा जिना दाखवला. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. दुसऱ्या खेपेला ग्यानोबा मधल्या वळणावर कठडा धरून थांबला.

"दिवसाला किती बिड्या?"

"दोन बंडल."

"काम काय करता?"

"विहिरीत बार लावतो. बत्ती दिली की वर येतो."

"आणि वर येता आलं नाही तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याच्या धंद्यात तो कुणी विचारत नसे.

डॉक्टरांनी तीनच महिन्यांचा दाखला दिला. बिडी बंद करायची आणि मे महिन्यात येऊन हाच जिना चढायचा. चढला तर परवाना कायम, नाही तर नाही. ग्यानोबाचं वय सेहेचाळीस होतं. त्यातली बावीस वर्षं सुरुंगात गेली होती आणि दुसरं कुठलं काम त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

टोळीचं काम तेव्हा नांदेड जिल्ह्यात, मुखेडच्या अलीकडे एका गावात चाललं होतं. पाऊस दोन वर्षं दगा देऊन गेला होता. गावाला तिसऱ्या दिवशी टँकर येई, आणि सरकारने मंजूर केलेली गावविहीर सात परसांवर, म्हणजे चाळीसएक फुटांवर, काळ्या खडकाला अडली होती. टोळीत चौघे. ट्रॅक्टर आणि त्याच्यामागचा कॉम्प्रेसर गुरुपादप्पांचा. ते उदगीरचे लिंगायत, आडतीचा धंदा भावाला देऊन यात पडलेले. ट्रॅक्टर चालवायला शेषेराव, वय पंचवीस, तोंडाने फटकळ. खडकाला भोकं पाडायला मलप्पा, बिदरकडचा, कमी बोलणारा. आणि बत्ती द्यायला ग्यानोबा.

त्याने लातूरची हकीकत जेवताना सांगितली.

मग गुरुपादप्पा म्हणाले, "एकट्याने सुटत नसते ती. मी तीनदा सोडून बघितली. समोर कोणी ओढत बसलं की हात जातोच. सोडायची तर चौघांनी सोडू."

"मालक, तुमची सिगारेट बी?" शेषेरावने विचारलं.

"ती बी."

"मग आमची काय बिशाद."

शपथ घ्यायचं ठरलं. गुरुपादप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मलप्पानेही लावला. शेषेरावने खंडोबाचं नाव घेतलं. ग्यानोबाचा बाप छप्पन्नच्या दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडून आला होता, त्यामुळे ग्यानोबा जागचा हलला नाही.

"मला देव न्हाई. मी सांगतो तेवढंच."

"तसं कसं मामा?" शेषेराव म्हणाला. "पाचवं शील हाय की तुमच्यात. नशा करायची न्हाई म्हणून."

"ते तर दर आयतवारी म्हणतो, अन् बाहेर येऊन पेटवतो. त्याच्यावर शपथ नको." त्याने विहिरीत सोडलेल्या लोखंडी शिडीच्या टोकावर हात ठेवला. "हिच्यावर."

एक अडचण राहिली. बत्ती बिडीनेच द्यायची असते. सात वाती एकापाठोपाठ पेटवायच्या, तळाला पाणी झिरपतंय, काडी विझते. बिडीचा निखारा विझत नाही. गुरुपादप्पांनी तोडगा काढला, "बत्तीची बिडी बिडीत धरायची न्हाई. एका खेपेला एक. ते काम हाय, व्यसन न्हाई." सगळ्यांना ते पटलं. ग्यानोबाला सगळ्यात जास्त पटलं.

बार उडवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. दगड लागू नयेत म्हणून माल उपसायची यारी मागे ओढून ठेवत, त्यामुळे बत्ती देणाऱ्याला शिडीनेच वर यावं लागे. पहिली वात पेटली की काठावरचा मलप्पा मोठ्याने गिनती सुरू करी. चार वितीची वात एकशे दहाला पोचते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पूर्वी ग्यानोबा सातही वाती पेटवून साठाच्या आत काठावर असे. यंदा तो नव्वदीच्या पुढे येऊ लागला होता. वाती कापायचं काम मलप्पाकडे होतं. लातूरची हकीकत ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने वात चारऐवजी पाच वीत कापायला सुरुवात केली. म्हणजे तीसएक आकडे जास्त. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. वात हातात घेताच ग्यानोबाला ते कळलं, आणि तोही बोलला नाही.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. चहानंतर हात खिशाकडे जायचे. गुरुपादप्पा मुखेडच्या बाजारातून फुटाण्याची पिशवी आणत आणि बिडीची वेळ झाली की चौघांपुढे मूठमूठ टाकत. शेषेराव म्हणायचा, "मालकानं आपली घोडी केली." एकदा तो मुखेडच्या स्टँडवर एक बिडी ओढून आला आणि आपणहून कबूल झाला. दंड म्हणून आठवडाभर शिडी एकट्याने उचलायची ठरली. त्याने उचलली, शिव्या देत देत.

ग्यानोबाच्या हातून असं काहीच घडलं नाही. त्याच्या बिड्या नेमाच्या होत्या. फक्त मार्च संपता संपता बारांची संख्या वाढली. आधी दिवसाला दोन खेपा व्हायच्या, दुपारी आणि संध्याकाळी. आता ग्यानोबा म्हणे, "खडक फुटीर हाय. एकदम उडवला तर बाजू ढासळंल. थोडं थोडं घेऊ." बत्तीच्या माणसाचा शब्द शेवटचा असतो. तीन खेपा झाल्या, मग चार.

विहिरीजवळ पार्वतीबाई नावाची म्हातारी राहायची. टँकरच्या पाण्यातली एक घागर ती टोळीला ठेवायची. एप्रिलच्या एका दुपारी घागर उतरवता उतरवता ती म्हणाली, "दगूड लई निघून राहिला म्हणायचा."

"का गं माय?" मलप्पाने विचारलं.

"न्हाई, पयले माझी म्हैस दिसातून दोनदा बुजायची. आता चारदा बुजती. दुधाचं तर सोडाच, वैरण बी खाईना."

मलप्पा म्हैस बघत उभा राहिला. भोकं तोच पाडत होता. दिवसाला चौदा, पहिल्यापासून चौदाच. सात-सात करून दोनदा उडायची, ती आता तीन-चार करून चारदा उडत होती. खडकात फरक पडलेला नव्हता. रोज त्याच्यावर मशीन धरणाऱ्याला ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशीच्या चौथ्या खेपेला वाती तीनच होत्या, म्हणजे वेळ कमी लागायला हवा होता. मलप्पा मोजत होता. नव्वद झाले, शंभर झाले. एकशे पाचला ग्यानोबाचं डोकं काठाखाली पाच-सहा फुटांवर दिसलं आणि तिथेच थांबलं. खालून खोकला ऐकू आला. शेषेराव काठावर पालथा पडून हात खाली सोडून ओरडत होता. एकशे एकवीसला त्याने ग्यानोबाला काखेत धरून वर ओढलं. तिघे बांधाआड जाऊन पडले तोच बार झाला.

चार वितीची वात असती तर काय झालं असतं, हा हिशेब करायला मलप्पाला वेळ लागला नाही. धूळ बसल्यावर तो ग्यानोबासमोर उकिडवा बसला.

"खडक फुटीर हाय का?"

"हाय."

"माझ्याकडं बघून सांग."

ग्यानोबाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"चार बिड्यांसाठी चारदा बत्तीखाली उतरून राहिला तू," मलप्पा म्हणाला. "घरात बसून चाळीस ओढल्या असत्या तर इतकं भ्या वाटलं नसतं. साकु. आता बास. उद्यापासून मी भोक पाडणार न्हाई."

"एका खेपेला एक ठरली व्हती. मी एक बी जास्तीची ओढली न्हाई."

"न्हाईच ओढली," शेषेराव म्हणाला. "खेपाच ओढल्या."

कुणाला हसू आलं नाही. गुरुपादप्पा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे होते. ही सवलत त्यांनीच दिली होती, आणि ते त्यांच्या लक्षात होतं. ते ट्रॅक्टरच्या सीटमागच्या पेटीकडे गेले आणि रोजच्या पूजेचा उदबत्तीचा पुडा घेऊन आले.

"हिनं वात पेटत न्हाई का?"

"पेटंल. पण पाण्याचा थेंब पडला की गेली," ग्यानोबा म्हणाला.

"गेली तर वर ये. राहिलेल्या वाती कुठं पळून जात न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मलप्पाने भोकं पाडली. ग्यानोबा सात वाती आणि पेटलेली उदबत्ती घेऊन उतरला. बिडी मात्र सवयीने कानावर होती, आणि काडेपेटी बनियनच्या खिशात. चार वाती नीट पेटल्या. पाचवीला वाकताना वरून पाणी ठिबकलं आणि उदबत्ती विझली.

त्याचा हात कानाकडे गेला. काडी ओढायला दोन क्षण, झुरका मारून निखारा लाल करायला दोन. तिन्ही वाती पेटल्या असत्या आणि खेप पूर्ण झाली असती. वर कुणी विचारलं असतं तर कारणही खरं होतं. वरून मलप्पाचा आवाज आला, एकवीस, बावीस. ग्यानोबाने शिडी धरली.

तो अठ्ठ्याण्णवला वर आला. चार बार उडाले.

"तीन राहिले," तो दम खात म्हणाला. "उदबत्ती भिजली."

गुरुपादप्पांची नजर त्याच्या कानावर होती. "ती होती की."

"व्हती."

त्याने बिडी काढून शेषेरावपुढे धरली.

"मला कशाला, मामा? माझी शिडीची शिक्षा आत्ताशी सरली."

त्याने ती मलप्पापुढे धरली. मलप्पाने हात पाठीमागे घेतले. शेवटी गुरुपादप्पांनी ती दोन बोटांत उचलली, विहिरीत टाकली आणि धोतराला बोटं पुसली.

धूर निवळायला अर्धा तास गेला. ग्यानोबा पुन्हा उतरला तेव्हा एक उदबत्ती हातात पेटलेली होती आणि दुसरी कानावर.

पुढचे दिवस सरळ गेले असं नाही. पहिल्या आठवड्यात तो तिघांशीही भांडला. एकदा शेषेरावच्या अंगावर फुटाणे फेकून उदगीरची एसटी धरायला निघाला, आणि मलप्पा न बोलता त्याच्यामागे फाट्यापर्यंत चालत गेला. एसटी आली, थांबली, गेली. दोघे तसेच परत आले. खोकला कमी होण्याऐवजी आधी वाढला. गिनती पंच्याण्णववर आली, मग पुन्हा एकशे दोनवर गेली. त्या दिवशी ग्यानोबा जेवला नाही. खेपा मात्र दोनच होत होत्या, आणि पार्वतीबाईची म्हैस वैरण खायला लागली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात आकडा पंच्याऐंशी झाला. विहीर तोवर साडेसात परसांवर गेली होती, म्हणजे शिडीही तेवढी वाढली होती, हे मलप्पाने सांगितल्यावर ग्यानोबाच्या लक्षात आलं.

लातूरला जायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या खेपेला, मलप्पा वाती कापून मांडत होता. ग्यानोबा त्याच्याजवळ बसला. त्याने एक वात उचलली आणि वितीने मोजली. पाच भरल्या.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"तुला म्हाईत हाय कवापासून."

"हाय."

त्याने मलप्पाच्या हातातला चाकू घेतला आणि एकेका वातीची एकेक वीत कापून काढली. सातही तुकडे मलप्पाच्या मांडीजवळ ठेवले. मलप्पाने ते उचलले नाहीत आणि ग्यानोबाला अडवलंही नाही.

"उद्या जिना हाय तुझा," तो एवढंच म्हणाला.

"जिन्याचं उद्या बघू."

शेषेरावने यारी मागे घेतली, लाल फडकं घेऊन तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि बार, बार असं ओरडला. गुरुपादप्पांनी दोन उदबत्त्या दिल्या. ग्यानोबा उतरला. पहिली वात पेटली तसा मलप्पाने आकडा उचलला. सात वाती सव्विसाव्या आकड्याला संपल्या. मग शिडी वाजू लागली. पन्नासला डोकं दिसलं. साठला ते थांबलं. मलप्पाचा आवाज बदलला नाही, तो त्याच चालीने मोजत राहिला. चौसष्टला शिडी पुन्हा वाजली.

ग्यानोबा बांधाआड येऊन बसला. कानावरची उदबत्ती जागेवर होती.

"किती?"

"चौऱ्याहत्तर," मलप्पा म्हणाला, आणि पुढचे आकडे मोजू लागला, कारण बार अजून व्हायचा होता.