आईच्या डोळ्याचा नंबर

"त्या बंद डब्याला अजून किती दिवस छातीशी धरून हिंडणारेस, केइगो? ठेव तो काउंटरवर!"

"डबा म्हणू नका."

"मग काय म्हणू? फोटो काढला की काळाकुट्ट येतो. होन्मा-सान म्हणतायत आतला पडदा गेलाय आणि तो भाग आता कुठं मिळत नाही. जुना देऊन दुसरा घ्यायचा, सगळं जग असंच करतं."

"मी दुसरा घ्यायला आलोय. जुना द्यायला नाही. गाडीतच सांगितलं होतं."

"गाडीत तू नुसता फुरंगटून बसला होतास. सांगितलंस कधी?"

बाबांचा आवाज मुळातच मोठा. कर्ण्यावर गाणं लावून रॉकेलची गाडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा माणूस, दुकानातसुद्धा रस्त्यावर असल्यासारखाच बोलतो. एक म्हातारं गिऱ्हाईक लेन्सच्या कपाटात तोंड खुपसून आमचं सगळं ऐकत होतं. दुकानाचे मालक होन्मा-सान फडक्यावर तीन जुने-नवे कॅमेरे मांडत होते. आम्ही इगाराशी बापलेक भांडतो हे त्यांना नवीन नाही. आई असतानाही आम्ही इथं येऊन भांडायचो. फक्त तेव्हा मध्ये पडायला ती होती.

आई गेल्या फेब्रुवारीत गेली. माशांच्या वड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, आणि थंडीत हंस आले की सुट्टीच्या दिवशी पहाटे तळ्यावर, फोटो काढायला. हौस म्हटलेलं तिला चालायचं नाही. "कंटाळा आला की सोडता येते ती हौस," म्हणायची. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर तुटून पडले. आत्या तर रडली. आई एवढंच म्हणाली, "मग उद्या पहाटे तळ्यावर चल. जाड मोजे घाल." कॅमेरा हातात धरायला मी तिथंच शिकलो.

आता यंदाचे हंस आलेत. आणि आमच्याकडे चालू कॅमेरा नाही.

"पोरा, खरं सांगू का," होन्मा-सान म्हणाले, "आत आरसा असलेले कॅमेरे आता कुणी घेत नाही. हा बघ, हलका. आत छोटा टीव्हीच असतो, फोटो कसा येणार ते आधीच दिसतं."

"मला टीव्ही नाही बघायचा. पक्षी बघायचाय."

"आईवर गेलंय," बाबा पुटपुटले. मग माझ्या हातातला आईचा कॅमेरा त्यांनी सरळ ओढून घेतला आणि काउंटरवर आपटला. म्हणजे आपटला नाही, ठेवला. पण मला तसं वाटलं. "किती सुटतील बघा हो याचे."

आता एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीला डोळा लावतात तिच्याशेजारी एक बारकं चाक असतं. चष्मेवाल्यांसाठी. ते फिरवून आपल्या नंबराला जुळवलं की चष्म्याशिवाय साफ दिसतं. आईनं कॅमेरा घेतला त्या दिवशी ते एकदा जुळवलं, पुन्हा कधी हात लावला नाही. फोटो काढताना चष्मा केसात खोचायची, आणि नंतर सगळ्या तळ्यावर शोधत बसायची. "डोक्यावर आहे गं बाई!" बाबा ओरडायचे.

माझे डोळे चांगले आहेत. म्हणून मला त्या खिडकीतून सगळं पुसट दिसायचं. हंस म्हणजे भाताचा गोळा. आमच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावरच्या तारा म्हणजे भिजलेल्या शेवया. आई गेल्यावर मी रोज त्यातून बघायचो. मला धूसर दिसायचं, पण मला माहीत होतं, बरोब्बर इथूनच तिला सगळं साफ दिसायचं. तिचे कपडे आत्यानं नेले. चष्मा शवपेटीबरोबर जाळू देत नाहीत, म्हणून तो नंतर अस्थींच्या कलशात ठेवला. तिचा डोळा तेवढा त्या चाकात राहिला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

होन्मा-सानांनी कॅमेरा उचलला, खालून वरून बघितला, डोळ्याला लावला.

"बाप रे! कुणाचे डोळे म्हणायचे हे! समोरची पाटी नुसता भात सांडल्यासारखी दिसतेय," ते हसले. आणि अंगठ्यानं चाक फिरवलं. दोनदा इकडे, एकदा तिकडे. "हां. आता दिसलं. आतमध्ये धूळबीळ नाही, चांगलाच ठेवलाय."

मी काय ओरडलो ते मला नीट आठवत नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला" असं कायतरी, आणि अजून बरंच वाईट. कपाटाजवळचं म्हातारं गिऱ्हाईक बाहेर निघून गेलं. होन्मा-सान आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा पडला. आईला ते चांगले ओळखत होते. माफी मागायला ते कमरेत वाकले ते वर येईनात.

"चुकलं माझं. रोजची सवय... थांब, परत होतं तिथं आणून देतो."

"कुठं होतं माहितीये तुम्हाला? नाही ना? मग!"

"तिच्या चष्म्याचा नंबर..."

"चष्मा तिच्या कलशात आहे! नंबर कुणाला आठवतोय?"

मला वाटलं आता बाबांची थोबाडीत बसणार. पण त्यांनी कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि त्यांच्या त्या जाड, रॉकेलचा वास मारणाऱ्या अंगठ्यानं चाक हळूहळू फिरवायला लागले.

"एवढं. नाही, अजून थोडं डावीकडे."

"तुम्हाला काय माहीत?"

ते चाक फिरवत राहिले.

"बाबा, तुम्हाला काय माहीत?"

"तू अंघोळीला गेलास की बघायचो," ते म्हणाले. डोळा कॅमेऱ्यालाच. "खांबाकडे."

मी कॅमेरा घेतला. "नाही. एवढ्या जाड नव्हत्या तारा."

"होत्या. दोन तारांची एक व्हायची."

"नव्हती होत! मधे फट दिसायची!"

"अरे गाढवा, मी तिच्याबरोबर वीस वर्षं राहिलोय."

"कॅमेऱ्यात राहिला होतात का?"

असं कितीतरी वेळ चाललं. चाक इकडे, चाक तिकडे. आणि समोर खांब नव्हताच, रामेनच्या दुकानाची पाटी होती. शेवटी बाबांनी कॅमेरा खाली ठेवला आणि गालावरून हात फिरवला. मला कळलं, आता चाकाची ती जागा कुणालाच सापडणार नाही.

आईचा कॅमेरा त्यांनीच परत पिशवीत घातला. मोडीत द्यायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मग होन्मा-सानांनी आईची लेन्स एकेक करून त्या तिन्ही कॅमेऱ्यांवर लावून दाखवली. लेन्स जुनी, तिच्यात फोकस करायची स्वतःची मोटर नाही, ती कॅमेऱ्यात असावी लागते. पहिल्या दोन्हींवर ती बसली, पण ढिम्म हलेना. नवशिक्यांच्या स्वस्त कॅमेऱ्यात आता ती मोटर देत नाहीत, हाताने फिरवावं लागतं, आणि उडत्या हंसापुढे हात कुठं पुरणार? तिसरा नवशिक्यांचाच, पण मोटर द्यायचे त्या काळातला. जड, कडा झिजलेल्या. मी बटण अर्धं दाबलं आणि लेन्स आतून दात खाल्ल्यासारखी गुरगुरली. घर्रर्र, खट.

बाबांनी झटकन मान वर केली. तळ्यावर ते नेहमी गाडीत झोपायचे, आई बाहेर गाडीच्या पुढ्यात बसायची, काच अर्धी उघडी. तो आवाज त्यांना तोंडपाठ होता.

"हाच," ते म्हणाले.

"अजून पकड बघितली नाही मी. खिडकी किती मोठी..."

"हाच घे, केइगो."

घेतला. निघताना होन्मा-सान म्हणाले, "चाक तुझ्या डोळ्याला जुळवून घे हां." मी जुळवलं नाही. घरी येऊन समोरच्या तारांमधे फट दिसेल एवढं धूसर करून ठेवलं. फोटोला त्यानं काही होत नाही, फोटो साफच येतो. फक्त काढणाऱ्याला दिसत नाही.

पण रोज सकाळी बघतो तर चाक थोडं डावीकडे सरकलेलं असतं. दोन तारांची एक झालेली असते. मी परत उजवीकडे आणून ठेवतो. मी अंघोळीला गेलो की बाबा पुन्हा डावीकडे नेतात.

आजसुद्धा सरकलंय. आणि आज, काय माहीत, मला वाटतंय की कदाचित बाबांचंच बरोबर असेल. आता आधी कसं होतं तेच मला नीट आठवत नाही. ते आठवत नाही हेच...

मला हाक मारायच्या ऐवजी खाली बाबांनी गाडीवरचं रॉकेलचं गाणं लावलं. पहाटेचं! सगळी गल्ली उठेल, समोरची बाई शिव्या देईल. उजाडलं की हंस तळ्यावरून शेतांकडे उडतात, कुणासाठी थांबत नाहीत. चाक आहे तिथंच ठेवलंय. मला निघायला पाहिजे.